तिसरी नळी

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत थोरली चोवीस वर्षं एकाच खिडकीपाशी बसते. मणक्यातून काढलेलं पाणी तीन नळ्यांत येतं. पहिलीत कधी सुईचं रक्त उतरतं, म्हणून सगळ्यात स्वच्छ अशी तिसरी नळी पेशी मोजायला, म्हणजे तिच्याकडे. मेंदूच्या आवरणाला आलेली सूज जिवाणूंची की विषाणूंची, याचा अंदाज तिच्या मोजणीवरून यायचा. डॉक्टर फोनवर एवढंच विचारायचे, "बाई, काय दिसतंय?"

गेल्या वर्षी तिची धाकटी जाऊ तिथेच रुजू झाली. तिच्याकडे पहिली नळी आणि लॅक्टेट मोजणारं यंत्र. लॅक्टेट वाढलं तर जिवाणू, नाहीतर बहुधा विषाणू. उत्तर पंधरा मिनिटांत. हळूहळू फोन धाकटीच्या टेबलावर वाजू लागला. घरी सासूबाईसुद्धा आज काय सापडलं ते धाकटीलाच विचारू लागल्या. त्या वेळी थोरली भांडी जरा जोरात ठेवायची.

मंगळवारी आठ वर्षांच्या एका मुलीचं पाणी आलं. जिवाणू असले तर दहा दिवस इंजेक्शनं, नसले तर लवकर घर. थोरलीला शंभर पांढऱ्या पेशींत बहात्तर न्यूट्रोफिल दिसले, म्हणजे पारडं जिवाणूंकडे. धाकटीचं लॅक्टेट मात्र नेहमीइतकंच.

"झोप झालीय का विचार तुझ्या यंत्राला," थोरली म्हणाली.

"ताई, आजाराचा पहिलाच दिवस आहे. विषाणूतही सुरुवातीला हेच दिसतं."

हे धाकटीला तिनेच शिकवलं होतं, म्हणून थोरलीला जास्त झोंबलं. मोजणाऱ्याने निदान लिहायचं नाही, हा थोरलीचा स्वतःचा नियम. त्या दिवशी तिने आकड्याखाली 'जिवाणूजन्य' असं लिहून टाकलं.

मुलगी आल्याआल्या सुरू केलेली इंजेक्शनं त्या शब्दामुळे चालूच राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी काढलं. या वेळी जेमतेम काही थेंब, एकच नळी. ती सवयीने थोरलीकडे आली. तिने मोजलं: ऐंशी लिम्फोसाइट, विषाणूंच्या बाजूचे. पुन्हा मोजलं: एक्याऐंशी. नळी रिकामी झाली, यंत्रासाठी काही उरलं नाही.

फोन वाजला, थोरलीने उचलला. डॉक्टरांनी धाकट्या बाईंना द्यायला सांगितलं. धाकटीने हात पुढे केला.

"मोजणी माझी आहे, माझ्याकडूनच ऐका," थोरली म्हणाली. आकडा सांगितला. "आणि कालचा तो शब्द खोडा. तो माझा होता."

धाकटीचा हात अजून पुढेच होता. थोरलीने रिसीव्हर जागेवर ठेवला.