मोरपिसानं पकडलेला वास

समोरचा बोलायला लागला की सर एक डोळा मिटायचे. नळीतून बघायची जुनी सवय. "हां, बोल पुढारी." पुढारी म्हणजे मी, पत्रकं छापून लातूरभर वाटणारा.

सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. अख्खं शहर पोरांच्या मार्कांवर गब्बर झालं, पण यांनी शिकवणीची पाटी लावली नाही ती नाहीच. हे मोरपीस बघत बसायचे. पिसात निळा रंग नसतोच म्हणे; बारीक थरांत उजेड खेळतो, तो निळा दिसतो. थरांत कसली वाफ शिरली की रंग सरकतो. काचेच्या नळीत पीस, मागं दिवा, पुढं रंग वेगळे करायला फुटक्या सीडीचा तुकडा. नाकाला न कळणारी वाफ हा माणूस डोळ्यांनी बघायचा! तुम्ही पाहिलाय असा कोणी?

एका वसतिगृहातल्या मुलींची बोअरच्या पाण्यानं डोकी दुखत होती. शेजारी पेट्रोल पंप. मालक म्हणे, "वास कुठंय?" मी बाटली भरून आणली. रंग सरकला.

"छापतो, सर!"

"थांब की. चांगलं पाणीबी आण."

आणलं. त्यानंही रंग सरकला! सरांनी माझा हात धरून नळीपाशी नेला. रंग धावलाच. सकाळी फलक रंगवून मी थिनरनं हात धुतले होते.

"पाणी ऱ्हाऊ दे, तूच लई विषारी हायस."

मी हसत हात मागं घेतला.

मग ते हळू बोलले. भूकंपात, औशाकडच्या त्यांच्या गावी, एक कुत्रं ढिगाऱ्यात एकच जागा उकरत होतं. लोकांनी हाकललं. "म्याबी दगड मारला." तिथंच त्यांची बहीण निघाली. उशिरा.

पुढच्या बाटल्या वसतिगृहातल्या एका मुलीनं भरल्या. चांगल्या पाण्याला रंग स्थिर, बोअरच्या पाण्याला सरकला. सर म्हणाले, "हा नुसता संशय हाय. सरकारी प्रयोगशाळेत ने." तिथं पेट्रोल निघालं. बोअरला सील लागलं.

सांगायला गेलो तर सर नांदेडला, दवाखान्यात. खाटेवर त्यांनी एक डोळा मिटला.

"पोरी आता काय पितात?"

"टँकर."

"तपासलास?"

नव्हता तपासला. पत्रकात विजय छापून मोकळा झालो होतो. तसाच स्टँडवर पळालो, अहमदपूरमार्गे लातूर, टँकरची बाटली भरून दुसऱ्या दिवशी परत.

सिस्टर सरांच्या रिकाम्या खाटेची चादर बदलत होती. "कोणाचं पाणी आहे? ठेवा तिथं," म्हणाली.

मी ठेवलं नाही. अजून तपासायचं होतं.