वीतभर पांढरा पट्टा

माझं माहेर कानडी मुलखाला लागून. तिकडे सोप्याची भिंत खाली गेरूची आणि वर हिरवी. माणसं पाठ टेकून बसतात, त्यांच्या डोक्याच्या तेलाचे डाग गेरूत लपून जातात. दोन्ही रंग ओले असताना भिडले तर काळपट ओघळ येतात, म्हणून मधे वीतभर नुसता चुना ठेवायचा.

लग्न होऊन परंड्याकडच्या सासरी आले, तर सगळ्या भिंती मातकट. माझा जीवच लागेना. सासूबाईंच्या इतकी मागे लागले की कंटाळून त्यांनी पुढचा सोपा माझ्या हवाली केला. मालकांनी बाजारातून हिरव्या रंगाची पुडी आणली. दिवसभर खपून मी भिंत पुरी केली आणि पदराने घाम पुसत बघत राहिले. पहिल्यांदाच हे घर माझं वाटलं.

तेवढ्यात सासरे दुकानातून आले आणि उंबऱ्यातच थांबले.

"पोरी, ह्यो झेंडा कुणी काढाया सांगितला?"

मला काही कळेना. मग दिसलं. हिरवा, पांढरा, गेरूचा. निजामाच्या राज्यातले ते शेवटचे दिवस. शेजारच्या गावात घरात तिरंगा सापडला म्हणून बापलेकांना धरून नेलं होतं, ते अजून परतले नव्हते. आणि आमच्या सोप्यात तर गस्तीचा जमादार येताजाता चहाला टेकायचा.

"मामंजी, पण ह्यो उलटा हाय," मी कसंबसं म्हणाले.

"उलटा-सुलटा त्येला समजावत बसू व्हय?"

सगळी भिंत खरवडली असती तर काय लपवलं, हा प्रश्न आलाच असता. शेवटी सासूबाईंनी शेणाची पाटी आणली आणि दोघींनी मिळून तेवढा पांढरा पट्टा सारवून टाकला. रडू येत होतं, पण भीती त्याहून मोठी होती. सासऱ्यांना नेलं तर ते माझ्या हौसेपायी, एवढंच डोक्यात घुमत होतं.

पट्टा वाळायच्या आतच जमादार आला. गेरूला पाठ टेकून बसला, मान वळवून भिंत बघितली.

"बीच में ये गोबर कायकू?"

सासऱ्यांनी घाईनं चहाची बशी पुढं केली. सासूबाई दारामागूनच म्हणाल्या, "सुनंच्या माहेरची रीत हाय."

"अजब रिवाज है," म्हणत तो हसला. चहा संपवून उठला, तर पाठीवर गेरूचा भलामोठा लाल डाग. सांगायची कुणाची छाती झाली नाही. घरी जाऊन सदरा काढील, डाग बघील, चिडून परत येईल, या धास्तीने पुढं कितीतरी दिवस दाराची कडी वाजली की मी आधी फटीतून बघायचे. तो पुन्हा आला तो नेहमीसारखाच, चहाला. माझी धास्ती मात्र गेली नाही.

पुढं निजामाचा अंमल संपला. सासऱ्यांनी स्वतः चुना भिजवला आणि कुंचा माझ्या हाती दिला.

"आता दे तुझा पांढरा पट्टा. कुणाच्या बापाचं भ्याव न्हाय."

मी कुंचा बुडवला, भिंतीपाशी गेले. बाहेर कुणाच्या तरी दाराची कडी वाजली आणि माझा हात तिथंच थांबला. मग मी वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि हिरवा, शेणाचा, गेरूचा, सगळ्यावर चुना फिरवला. सासरे बघत उभे होते. माझ्याच्यानं मागं वळून बघवलं नाही.