फलकावरच्या चार आकाशगंगा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी महूहून परतीच्या बसमध्ये होते. त्याला आता तीन आठवडे झाले. रडून झालं, राग मात्र उतरत नाही...

माझा हा मोठा भाऊ महूजवळच्या राऊ गावातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा. प्रयोगशाळेत लावायला त्यानं अवकाशाचा एक मोठा फोटो छापून आणला होता. मधे एक अजस्र आकाशगंगा, भोवती चार निळे ठिपके. खालच्या फलकावर त्यानं लिहिलं, ‘हे चार ठिपके म्हणजे एकच आकाशगंगा.’ ती असते खूप मागे. मधलीच्या वजनानं तिचा प्रकाश वाकतो, चार वाटांनी आपल्यापर्यंत पोचतो आणि एकीच्या चार दिसतात. पोरांना पटावं म्हणून तो आइस्क्रीमच्या ग्लासाचा फुटलेला जाड तळ डोळ्यापुढे धरायला द्यायचा. तळ हलवला की समोरचा दिवा दोन व्हायचा, चार व्हायचा, मधेच त्याचं गोल कडं व्हायचं.

तपासणीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी परस्पर ते पुसून ‘चार आकाशगंगा’ असं रंगवून घेतलं. दादा भांडायला गेला तर म्हणाले, “अरे भिया, दिसताय तर चार! साहेब काय म्हणतील, मास्टरजींना गिनती पण नाही येत?” सगळी स्टाफरूम हसली. दादा अर्जावर अर्ज देत राहिला. शेवटी मीच वैतागून म्हणाले, “छोड ना दादा, चार काय नि एक काय, कोणाला फरक पडतो?”

“पोरं रोज ते वाचतात, सुधा,” एवढंच तो बोलला. माझ्यापुढे पुन्हा कधी त्यानं तो विषय काढला नाही.

शोकसभा त्याच प्रयोगशाळेत झाली. त्याच फलकाखाली उभं राहून त्याच मुख्याध्यापकांनी ‘सरांनी आयुष्यभर खऱ्याची कास सोडली नाही’ म्हणावं, आणि सगळ्यांनी माना डोलवाव्यात? अंगाची लाही लाही झाली माझ्या. आता तरी फलक दुरुस्त करा म्हटलं, तर म्हणतात, “अब रहने दो ताई, सर तर गेले.” सर गेले म्हणून चूक बरोबर होते का? पण मी तरी कोणत्या तोंडानं चिडू... तो असताना मीही यांचीच री ओढली होती.

काल त्याच्या टेबलावर तो काचेचा तळ सापडला. पोरांचा हात कापू नये म्हणून कडेला चिकटपट्टी लावलेली. त्याच्या फोटोपुढे निरांजन लावलं आणि तळातून पाहिलं. ज्योती चार दिसल्या. वात मी एकच लावली होती... उद्या रंगाची डबी घेऊन राऊला जाणार आहे. कोणी अडवलंच, तर आधी हा तळ त्याच्या हातात देईन.