नंबर पाचशे अठ्ठ्याऐंशी

ओइवा ह्युत्तिनेनला कुणी सिनेमाचं नाव सांगितलं की तो कोटाच्या आतल्या खिशातून चौकटींची वही काढायचा. सिनेमाचं नाव, सांगणाऱ्याचं नाव आणि पुढचा नंबर. मग वही मिटून म्हणायचा, "पाहीन. नंबर आला की."

आमच्या कोर्पिवारा गावात माणसं फार बोलत नाहीत. पण ओइवाला सिनेमा सांगायला सगळ्यांना आवडायचं, कारण तो लिहून घ्यायचा. आपलं बोलणं कुणी लिहून घेतंय, हे सुख इथे आणखी कुठे मिळणार? दुकानाच्या गल्ल्यामागून मीही एकदा एक नाव सांगितलं होतं. माझा नंबर तीनशे एक. सव्वा वर्ष झालं, मी आपली रांगेत आहे.

ही सवय त्याच्या नोकरीची. चौतीस वर्षं तो शहरातल्या पोस्टात खिडकीमागे बसला आणि नंबर पुकारत राहिला. चिठ्ठी घ्या, नंबर येईपर्यंत थांबा. सख्खा भाऊ आला तेव्हा त्यालाही त्याने चिठ्ठी घ्यायला लावली होती. निवृत्त होऊन गावी आला तेव्हा म्हणाला होता, "आता निवांत सिनेमे बघणार." वहीचं पहिलं पान त्याच दिवशी भरलं.

आठवड्याला त्याचे जेमतेम दोन सिनेमे होत. मध्ये डोळा लागला तर तो सिनेमा पाहिला असं तो धरत नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. इकडे आठवड्याला चार-पाच नवी नावं यायची. या फेब्रुवारीत वही सहाशे बारावर गेली आणि ओइवा अजून दोनशे सत्तरावरच होता. संध्याकाळी त्याच्या खिडकीतून पाहिलं तर पडद्यासमोर तो ताठ बसलेला असायचा, जणू समोर कुणी तक्रार घेऊन उभं आहे. तळ्यावर बर्फ हातभर जाड झाला, तरी या हिवाळ्यात तो भोक पाडून गळ टाकायला एकदाही गेला नाही.

शनिवार मात्र त्याने कधी सोडला नव्हता. शनिवारी सौना, म्हणजे लाकडी खोलीतलं वाफेचं स्नान, शेजारच्या ताइस्तोबरोबर. उन्हाळ्यात ओइवाकडे, हिवाळ्यात ताइस्तोकडे. एकोणतीस वर्षं हे चाललं होतं; शहरात नोकरी होती तेव्हाही तो शनिवारी गावी यायचाच. ताइस्तोने जन्मभर लाकडाचे ट्रक चालवले. कशाची स्तुती करणं त्याला जमत नाही. सून आवडली तेव्हा "चालेल" म्हणाला होता. त्याच माणसाने ख्रिसमसला ओइवाच्या हातात लाल बोटीचं चित्र असलेली एका सिनेमाची डबी ठेवली.

"हा बघ. बरा आहे."

एवढी मोठी स्तुती ऐकून ओइवा हलला. पण वही ती वहीच. नंबर पाचशे अठ्ठ्याऐंशी. डबी फळीवर गेली. नंबर न आलेल्याची डबी उघडायचीसुद्धा नाही, हा त्याचा नियम.

जानेवारी संपता संपता दोघं माझ्या दुकानात समोरासमोर आले. ताइस्तो सॉसेजला लावायच्या मोहरीच्या चटणीची बाटली हातात घेऊन उभा होता.

"काय रे, पाहिलास का?"

ओइवाचे कान लाल झाले. "पाहिला," तो म्हणाला. "चांगला होता."

ताइस्तोने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि मोहरी घेऊन गेला.

आता, सौनात खोटं बोलायचं नाही हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. उघड्या अंगाने वाफेत बसलेल्या माणसाला ते जमतच नाही. त्या शनिवारी ओइवाने फोन करून सर्दी झाल्याचं सांगितलं. पुढच्या शनिवारी पाठ धरली. तिसऱ्या शनिवारी घरातला नळ गोठला. सोमवारी तो दुकानात आला, काही न घेता फळ्यांमधून दोनदा फिरला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"इंकेरी, तो शेवट कसा वाटला म्हणून विचारेल गं."

"मग बघून टाक की. दोन तासांचं काम."

"पाचशे अठ्ठ्याऐंशी आहे तो! पुढे तीनशे माणसं उभी आहेत."

"माणसं कुठली, सिनेमे आहेत ते."

"सांगणारी माणसंच ना? तू पण आहेस त्यात."

"माझा नंबर दे त्याला. मी मागे जाते."

त्याने मनातल्या मनात हिशेब केला. "तुझ्याही पुढे तीस आहेत."

मला हसू आलं, पण त्याचा चेहरा पाहून मी ते गिळलं. "ओइवा, ऐक. अजून एक शनिवार बुडवलास, तर तो तुझी वाट बघायचं सोडेल. 'का आला नाहीस' असं विचारत दारात येणाऱ्यांतला तो नाही. जा आणि खरं सांग."

पुढचं मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांचं सांगणं जुळलं. म्हणून ते खरंच.

शनिवारी पाचला ओइवा गेला. वरच्या बाकावर दोघं बसले. ताइस्तोने तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं, वाफ कानांपर्यंत आली. अंग मोकळं व्हावं म्हणून भूर्जाच्या डहाळ्यांची जुडी एकदा याच्या पाठीवर झोडली, एकदा त्याच्या. मग ओइवा पायांच्या बोटांकडे बघत म्हणाला, "मी तो सिनेमा पाहिलेला नाही."

"माहीत आहे."

"कसं?"

"डबी रिकामी आहे. तबकडी माझ्या यंत्रातच राहिली. तू दुकानात भेटलास त्या दिवशी सकाळी सापडली. म्हटलं, याची जरा गंमत करावी. तर तू म्हणालास, चांगला होता."

ओइवाने मान वर केली. "मग तिथेच का नाही बोललास?"

"इंकेरी होती ना समोर." ताइस्तोने आणखी एक पळी पाणी टाकलं. "तीन शनिवार एकटा बसलोय इथे. जुड्या दोन-दोन बांधून."

"तुला आवडला म्हणालास, आणि मी तो फळीवर टाकला. तोंड कसं दाखवणार होतो?"

"आवडण्यासारखं काय आहे? त्यात एक म्हातारा आहे. बर्फावरून अगदी तुझ्यासारखा चालतो, बदकासारखा. तेवढंच."

आधी ओइवा हसला, मग ताइस्तो. मला सांगताना ओइवा म्हणाला, खांद्यांवरून टपालाची भरलेली गोणी कुणी उतरवून घ्यावी तसं झालं.

अंग पुसून, सॉसेज भाजून, मोहरी लावून दोघं पडद्यासमोर बसले.

"रांगेचं काय?" ताइस्तोने विचारलं.

"खिडकीवर जेवणाच्या सुट्टीची पाटी लावली आहे."

अर्ध्यात दोघांचाही डोळा लागला. शेवट कुणीच पाहिला नाही. तरीही घरी आल्यावर ओइवाने पाचशे अठ्ठ्याऐंशीवर रेघ मारली.

त्यानंतर त्याने गावात नवा नियम कळवला: ज्याने सिनेमा सांगितला त्याने तो घेऊन यायचं आणि शेजारी बसून पाहायचा. आठवड्याभरात निम्म्या लोकांनी आपलं नाव खोडायला सांगितलं. बाकीचे एकेक करून येतात, कुणी पाव घेऊन, कुणी नुसताच. मी मंगळवारी दालचिनीचे पाव घेऊन गेले. माझा सिनेमा इतका भिकार निघाला की मीच मध्ये बंद करायला लावला. ओइवाला मात्र त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा पाय पसरून बसलेलं पाहिलं.

मार्चमध्ये तो गळ घेऊन तळ्यावर गेला. मी दुकानाच्या दारातून बघत होते. बर्फावरून चालताना तो खरंच बदकासारखा दिसतो.