दाखव बरं ताट

मार्थाकाकूंचा देवावर पूर्ण विश्वास होता. बाकी कुणावर नव्हता. दूधवाल्यादेखत त्या दुधात बोट बुडवून बघत. चर्चमध्ये डोळे मिटून प्रार्थना चालू असताना कोण डोळे उघडे ठेवतं, हेही त्यांना ठाऊक असे. कसं, ते विचारायची आमची छाती नव्हती.

धारूरला आमची भिंतीला भिंत. त्यांचा एकुलता शमुवेल, आमचा शमू, आखातात वेल्डिंगच्या कामाला गेला आणि काकूंच्या पत्र्याच्या घरावर स्लॅब पडला. ते बघून गल्लीतल्या आणखी दोघांनी शेत विकून पोरं धाडली. काकूंना मात्र त्या पैशाचाही संशय. आता शेळ्या विकून टाक, म्हणून शमू मागं लागायचा. त्या दाद देत नसत. "एवढा पगार देत्यात, मंजी काय घेत्यात ते बगाया पायजे," म्हणायच्या आणि शेळ्यांना पाला टाकायच्या.

ईस्टरच्या आधी चाळीस दिवस त्यांचा उपास. संध्याकाळी प्रार्थना करून एक वेळ जेवण, मटण वर्ज्य. तिकडं शमूही पाळायचा, पण काकूंचा विश्वास बसेल तर ना! माझ्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लागला की पहिलं वाक्य, "दाखव बरं ताट." शमू हसत वरणभात दाखवायचा. खाली मटणाची बोटी दडवली असेल, म्हणून त्या भात उकरायला लावत.

एका वर्षी उपासाच्या दिवसांत एका रविवारी ताट दिसलंच नाही. आज उपास आहे, असं शमू म्हणाला. परमुलखात पोरगा किती कडक पाळतो, याचं मला कौतुक वाटलं. फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या, "रईवारी आमच्यात उपास नसतो. त्याला लहानपणापासून म्हाईत हाय. पोरगं उपाशी हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला बोलतं केलं. पगार कधीचा थांबला होता, परतायला तिकिटाची सोय नव्हती. त्याच आठवड्यात काकूंनी सगळ्या शेळ्या विकल्या, ईस्टरसाठी राखलेला बोकडसुद्धा.

शमू घरी पोचला तो नेमका गुड फ्रायडेला. त्या दिवशी काकू पाणीही घेत नसत. त्यांनी त्याच्यापुढं भाकरी आणि पिठलं ठेवलं.

"आई, आज शुक्रवार हाय."

"तुजा उपास झालाय. खा."

आणि तो खरंच खातोय ना, हे बघत त्या समोर बसून राहिल्या.

काकू आता नाहीत. इतकी संशयी आणि इतकी मायाळू बाई मला पुन्हा भेटली नाही. शमूनं गावातच वेल्डिंगचं दुकान टाकलंय. उपासाच्या दिवसांत मी गेलो की तो न विचारता ताट दाखवतो. मीही भात उकरून बघतो.