वाघोडियाच्या उतारावरचा पिवळा डोझर

बडोद्याला बहुतेक लोक राजवाडा नाहीतर संग्रहालय बघायला जातात. मी गेले ती जुना बुलडोझर बघायला.

माझ्या दादाचा नंदुरबारजवळ मातीकामाचा धंदा आहे. त्याला एका पाझर तलावाचं काम मिळालं होतं आणि स्वतःचा डोझर नव्हता. आमच्या मावशीचे दीर, मोहितेकाका, बडोद्यात जुन्या मशिनरीची खरेदी-विक्री करतात. त्यांनी फोनवर एका डोझरचं असं वर्णन केलं की दादाची झोपच उडाली. मी नाशिकला अशाच यंत्रांच्या दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनिअर. दादा म्हणाला, "मनू, तू नुसती एकदा नजर टाक." त्याने मनातल्या मनात तो विकत घेऊन टाकलाय, हे मला तिथेच कळलं.

पहाटे आम्ही दोघं नंदुरबारहून जीपने निघालो. नवापूरची हद्द ओलांडली की रस्ता सुधारतो. सोनगढला गरम भजी आणि तळलेल्या मिरच्या मिळाल्या, त्यावर बारडोलीपर्यंत मजेत गेलो. कडोदऱ्याला मुंबईचा हायवे लागतो. तुम्ही जाणार असाल तर भरूचचा नर्मदेवरचा पूल भर दुपारी टाळा. आम्ही टाळला नाही. ट्रकांच्या रांगेत इंजिन बंद करून घाम पुसत बसलो. त्यात काकांचा मोबाइलवर फोन आला, की हालोलचे एक शेठही उद्याच मशीन बघायला येतायत. मग दादाने चहालाही जीप थांबवली नाही. बडोद्याच्या वेशीवर मकरपुऱ्याजवळ कंपन्यांच्या बसेस सुटल्या होत्या, त्या गर्दीतही त्याने हॉर्नवरचा हात काढला नाही.

मुक्काम रावपुऱ्यात मावशीकडे. तिचं बोलणं आता अर्धं गुजराती झालंय. "आव, आव, बस ने! थकली असशील हं," करत तिने ताट वाढलं. हळूच म्हणाली, "भाऊजींनी तुमच्यासाठी मशीन रोखून ठेवलंय हो. जास्त खुसपटं काढू नकोस." मी हसून वेळ मारून नेली.

सकाळी मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी सेव-उसळ खाल्ली. बडोद्यात ही चुकवू नका, आणि तर्री वेगळी मागून घ्या, नाहीतर डोळ्यांतून पाणी येईल. तिथून वाघोडिया तासाभराच्या आत. औद्योगिक वसाहतीच्या टोकाला, मुरमाच्या जुन्या खाणीशेजारी डोझर उभा होता. नवाकोरा पिवळा रंग. दादाचा चेहरा उजळला.

मी आधी इंजिनवर हात ठेवला. गरम होतं.

"काका, आधीच चालू केलं होतंत?"

"हो ने. तुम्ही लांबून आलात, म्हटलं ताटकळत कशाला ठेवायचं," मोहितेकाका म्हणाले. "काही वांधो नाही, एकदम रेडी."

थंड इंजिन कसं सुरू होतं, यावरून अर्धं आजारपण कळतं. ती संधी गेली होती. मी खाली वाकले. चेन फिरवणाऱ्या चाकाचे दात झिजून टोकदार झाले होते. शेवटच्या गिअरपेटीचा बोल्ट सैल करून थोडं तेल तळहातावर घेतलं, तर उन्हात त्यात बारीक धातू चमकत होता. मी तो हात दादासमोर धरला.

"जुनं मशीन आहे, मनू. थोडं असणारच."

"थोडं नाही, दादा. आतले दात जातायत."

"तू नाहीच म्हणायला आली आहेस का?" तो इतक्या जोरात म्हणाला, की काकांनी दुसरीकडे पाहिलं. मग तो स्वतःच सीटवर चढला. "उतारावर चालवून बघतो. चाललं नीट, तर विषय संपला."

खाणीत उतरणारी वाट रुंद होती, पण पुढे वळण होतं आणि वळणापलीकडे थेट कडा. खाली खाणीचं हिरवं पाणी. दादा पहिल्या गिअरमध्ये सावकाश उतरू लागला. मी बाजूने चालत होते. मध्यावर खाट्‌कन आवाज झाला. गिअर निसटला होता. एवढं अजस्र धूड मोकळं सुटलं.

दादाने दोन्ही ब्रेक दाबले. त्याचे गुडघे ताठ झालेले मला दिसले. डोझरचा वेग वाढतच होता.

"ब्लेड टाक! दादा, ब्लेड!"

त्या खडखडाटात त्याला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. पण पुढचं लोखंडी ब्लेड धाडकन खाली आलं, मुरूम फाडत गेलं, समोर मातीचा ढीग उभा राहिला आणि डोझर तिरका होऊन थांबला. वळण चार पावलांवर होतं.

दादा उतरला आणि तिथेच मातीत बसला. मी त्याचा खांदा धरला. वर काका कपाळाला हात लावून उभे होते. "आमचा ऑपरेटर म्हणाला, ब्रेक नवे टाकले," एवढंच ते परत परत म्हणत होते.

तेवढ्यात एक पांढरी गाडी आली. हालोलचे शेठ. "शुं थयुं?" काय झालं, ते त्यांनी विचारलं.

काकांनी आमच्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती. माझ्या डोळ्यांपुढे मावशी आली. मी तोंड उघडणार, तोच दादा उठला. गुडघ्यांची माती न झटकता म्हणाला, "सेठ, ब्रेक नहीं है. गिअर भी निकल जाता है. मैं अभी मरते मरते बचा हूँ. आदमी मत बिठाना इसपे."

शेठ गाडी वळवून निघून गेले. रावपुऱ्यात परतलो तेव्हा काकांचा फोन आधीच पोचला होता. मावशीने जेवायला वाढलं, पण आग्रह केला नाही. निघताना नमस्कार केला, तर "सांभाळून जा" म्हणाली आणि आत गेली.

परतीच्या वाटेवर दादाने जीप मला चालवायला दिली. आयुष्यात पहिल्यांदा.

तलावाचं काम भाड्याच्या डोझरवर सुरू झालं. नफा भाड्यात जातो, अशी कुरकूर दादा करतो, पण माझ्यासमोर नाही. मध्ये काकांचा फोन आला. त्यांनी मशीन पूर्ण उघडलं होतं. ब्रेकच्या पट्ट्या कागदासारख्या झालेल्या, गिअरही खलास. "सगळं नवं टाकलं. या वेळी मी स्वतः बसून उतारावर नेलं. तुझा दादा येईल का परत बघायला?"

मी विचारलं. दादा म्हणाला, "मशीन नको. पण काका स्वतः बसले, हे मावशीला सांग. आता मनात काही नाही म्हणावं."

मी सांगितलं. मावशी फोनवर म्हणाली, "या भाऊजींचं वय आहे का गं असल्या मशीनवर चढायचं!" आणि रडायला लागली.