सुशीलाबाईंचा सोमवार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आज तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

मी मलकापूरला इंग्रजी शिकवायचो. एकदा नॉर्वेहून वैद्यकशास्त्राचे एक प्रोफेसर आले. फुफ्फुसांचे डॉक्टर, सत्तरीचे. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मशीनवर कापूस टाकणाऱ्या बायांची त्यांना विचारपूस करायची होती, दुभाषा मी. केवढं कुतूहल त्या माणसाला! बाया तोंडाला फडकं का बांधतात, नव्या कापसाचा वास कसा असतो — सगळं विचारायचे, वहीत लिहायचे. मला नवल वाटायचं, बर्फातला हा माणूस इथल्या धुळीत काय शोधतोय?

त्या बायांपैकी सुशीलाबाई त्यांना म्हणाल्या, “सोमवारी छाती लय आवळते जी. मंगयवारी कमी होते. काऊन, ते नाई समजत.”

मला वाटलं, सोमवारचा उपास, महादेव — असलंच काहीतरी बाईंच्या मनात असणार. परक्यापुढे कशाला? मी इंग्रजीत सांगितलं, कधीकधी खोकला येतो म्हणे.

दुपारी चहा घेताना मी प्रोफेसरांना विचारलं, तुम्ही या कामाकडे कसे वळलात? त्यांची आई कापडगिरणीत होती. रविवारची सुट्टी संपली की सोमवारी धापा टाकत घरी यायची. गावचा डॉक्टर तिला आळशी म्हणून हसायचा. सुट्टीनंतर कापसाची धूळ पुन्हा छातीत गेली की छाती आवळते. त्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या रोगाची पहिली खूणच ती. हे त्यांना स्वतः डॉक्टर झाल्यावर कळलं. मग आयुष्यभर देशोदेशीच्या कामगारांना ते हेच विचारत फिरले.

बोलता बोलता त्यांनी वही उघडली. “इथे कुणी सोमवारचं नाव काढलं का?”

बाई शंभर पावलांवर होत्या. माझं चुकलं — एवढंच म्हणायचं होतं ना? पण मी दुसऱ्यांच्या चुका काढणारा मास्तर.

“नाही,” म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ते गेले. पुढे त्यांचं पत्र आलं — तुमच्याकडे तो त्रास नाही, याचा आनंद वाटला. काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं.

सुशीलाबाई त्याच मशीनवर आणखी सहा हंगाम राबल्या. गेल्या महिन्यात बाजारात भेटल्या. चार पावलं टाकली की थांबत होत्या.

“सर, त्या गोऱ्या डॉक्टरनं माह्याबद्दल काय सांगतलं होतं जी?”

“सगळं ठीक आहे म्हणाले होते.”

“मंग बरं हाय,” त्या म्हणाल्या, आणि भिंतीला हात टेकून श्वास घेत उभ्या राहिल्या.